वॉरंट बजावायला एकटे निघताय? आधी फोन तयार करा

तीन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, मी एका वाडीवर वॉरंट बजावायला गेलो होतो. एकटा, स्वतःच्या मोटारसायकलवर. येताना ओढ्याच्या शेवाळलेल्या फरशीवर गाडी घसरली, पाय खाली सापडला आणि घोटा मोडला. फोन शाबूत होता. त्यात ‘सुरक्षा’ म्हणून गोळा केलेली सहा ॲप होती. एकाचीही नोंदणी पूर्ण नव्हती, बॅटरी चार टक्के होती आणि रेंजची एक काडी येऊन-जाऊन होती. ठाण्यात रवानगी (बाहेर निघाल्याची नोंद) टाकली होती, पण ‘वॉरंट बजावणीकामी रवाना’ एवढीच. कुठल्या गावी, किती वाजेपर्यंत, काही नाही. ठाणे अंमलदारांना वाटलं मी परस्पर घरी गेलो, घरच्यांना वाटलं बंदोबस्तात अडकलो. दोन तासांनी डेअरीला दूध घालायला निघालेल्या एका पोराने मला उचललं.

प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या ती सहाही ॲप एकेक करून उघडली, लावली, चालवून पाहिली. चार काढून टाकली. नंतर दुसरी दोन-तीन घेतली. आता ठाण्यात नवीन अंमलदार हजर झाला की त्याचा फोन मी अर्धा तास मागून घेतो. तुमचा घेता येणार नाही, म्हणून लिहून देतोय. बीट, वाहतूक, समन्स-वॉरंट, बंदोबस्त, 112 ची गाडी अशा रोजच्या कामासाठी हे आहे. गडचिरोलीत नक्षलविरोधी अभियानावर असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे फोनचं काय करायचं ते तुमचे अधिकारी सांगतील तेच.

जवळ काय हवं

- अँड्रॉइड किंवा आयफोन, कुठलाही. बॅटरी दिवसभर टिकणारी असावी
- 10,000 एमएएचची पॉवर बँक आणि वीतभर लांबीची केबल (लांब केबल गाडीवर अडकते)
- दोन सिम, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन्हींवर रिचार्ज चालू, कारण एसओएसचा (मदतीच्या हाकेचा) मेसेज साध्या एसएमएसने जातो
- ओळखपत्र आणि महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचा तपशील, दोन्हींच्या झेरॉक्स पाकिटात
- एका चिठ्ठीवर रक्तगट, ठाण्याचा नंबर, नियंत्रण कक्षाचा नंबर आणि घरचा एक नंबर. फोन फुटल्यावर चिठ्ठीच बोलते
- फोनचा आयएमईआय नंबर (*#06# दाबा), घरी वहीत लिहून

वॉकीटॉकी या यादीत धरलेली नाही, कारण ती आधीच हातात असणार असं मी समजतो. मोबाईल तिची जागा घेत नाही. विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीच्या रस्त्यावर उभे राहा आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवून बघा, म्हणजे कळेल.

1. आधी माणूस ठरवा, मग ॲप

सगळे इथेच चुकतात. ॲप टाकतात, आणि आपण बटण दाबल्यावर पलीकडे कोण बघणार आहे, हे ठरवलेलंच नसतं. ज्या लोकेशनकडे कोणी बघत नाही ते पाठवून काय उपयोग?

दोन माणसं ठरवा. पहिला तुमच्याच ठाण्यातला, शक्यतो त्याच पाळीतला, ज्याला तुमची हद्द माहीत आहे. ‘पवारवस्तीच्या अलीकडचं वळण’ म्हटल्यावर त्याला नकाशा उघडावा लागू नये. दुसरा घरचा. बहुतेकजण पहिला नंबर बायकोचा किंवा आईचा टाकतात. असं करू नका. रात्री दोनला आईच्या फोनवर तुमचा एसओएस गेला तर ती करणार काय? रडत ठाण्यात फोन लावेल, आणि मधली दहा मिनिटं जातील. घरचा नंबर दुसरा किंवा तिसरा.

मग त्या माणसाला तोंडी सांगा: ‘माझा असा मेसेज आला तर आधी मला फोन कर. दोनदा उचलला नाही तर ठाणे अंमलदारांना सांग, गाडी पाठवायला लाव.’ हे बोलणं झालेलं नसेल तर तो मेसेज बघून ‘काय रे, चुकून दाबलं का?’ असं विचारत बसतो. माझ्यासाठी हे काम आमच्या ठाण्यातल्या एक हवालदार मॅडम करतात, त्यांच्यासाठी मी करतो.

रवानगी टाकताना गावाचं नाव आणि परतीची अंदाजे वेळ लिहायची. ॲपशिवायचं काम आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच.

2. लॉक असलेल्या फोनलाही बोलता आलं पाहिजे

सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ असं काहीसं पान असतं. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं. आयफोनवर हेच काम हेल्थ ॲपमधल्या मेडिकल आयडीने होतं. रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, मधुमेह-रक्तदाब, चालू गोळ्या आणि वरचे दोन नंबर त्यात भरा. लॉक स्क्रीनवर दिसण्याची परवानगी द्या. 108 ची गाडी येते तेव्हा आतल्या डॉक्टरला तुमचा पासवर्ड माहीत नसतो.

घराचा पत्ता मात्र तिथे लिहू नका. फोन कुणाच्याही हातात पडू शकतो, आणि आपण ज्यांना पकडतो ते जामिनावर बाहेर येतात.

3. बटणाचा शॉर्टकट, आणि त्याचा भोंगा

बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा भराभर दाबलं की एसओएस सुरू होतो. भारतात आयफोनचं बाजूचं बटण तीनदा दाबलं की आपत्कालीन कॉल लागतो. तुमच्या फोनवर नेमकं काय होतं ते सेटिंग्जमध्ये जाऊन आजच बघा. लोकेशन पाठवायचं, कॉल लावायचा, काही फोनवर व्हिडिओही सुरू करायचा, हे सगळं तिथे ठरवता येतं.

इथे एक सापळा आहे. एसओएस सुरू होताना फोन मोठ्याने भोंगा वाजवतो आणि उलटी मोजणी करतो. रस्त्यावर ते ठीक. पण तुम्ही दाराआड उभे आहात आणि आत कोयता घेतलेला माणूस आहे, अशा वेळी खिशातून भोंगा वाजला तर? अँड्रॉइडवर ‘प्ले अलार्म साउंड’ बंद करा, आयफोनवर ‘कॉल क्वाएटली’ चालू करा.

दुसरं असं, की हा शॉर्टकट मारामारी सुरू झाल्यानंतरसाठी आहे असं समजू नका. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या मुलाला अडवल्यावरून वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्या डोक्यावर वार झाला आणि आठवड्याभराने ते गेले. अशा वेळी खिशात हात घालायलाही सवड नसते. बटण दाबायचं ते त्याआधी. समोरच्याचा आवाज चढलाय, त्याने फोन लावून ‘या रे सगळे’ म्हटलंय, दोन गाड्या येऊन थांबल्यात, तुम्ही एकटे आहात, तेव्हा. खिशातल्या खिशात दाबता आलं पाहिजे. पहिले चार दिवस घरी बसून दाबायचा सराव करा. मोजणी चालू असताना रद्द करता येतं.

4. स्वतः 112 ला फोन करायची लाज सोडा

‘पोलीसच 112 ला फोन लावतोय’ म्हणून लोक हसतील, असं पोरांना वाटतं. वॉकीटॉकी हातात असेल तर आधी त्यावरच बोला, प्रश्नच नाही. पण साध्या कपड्यात ड्युटीवरून घरी चाललात, किंवा दुसऱ्या जिल्ह्यात आरोपी आणायला गेलात, तर तिथल्या नियंत्रण कक्षाचा नंबर तुमच्याकडे असतो का? 112 चा कॉल नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जिल्ह्याकडे जातो आणि जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर (कॉलची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनवर) पडतो. हद्द कोणाची हा वाद तुम्हाला घालावा लागत नाही.

‘112 इंडिया’ ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. मोबाईल नंबर टाका, ओटीपी भरा, नाव आणि आपत्कालीन संपर्क भरा, लोकेशनची परवानगी द्या. पाच मिनिटांचं काम. चाचणी म्हणून मात्र पॅनिक बटण दाबू नका. तो खरा कॉल धरला जातो, गाडी खरोखर निघते, आणि त्या गाडीवर तुमचाच बॅचमेट असतो.

112 च्या गाडीवर नेमणूक असेल तर आणखी एक. चालवणाऱ्याने एमडीटीकडे बघायचं नाही. पत्ता वाचणं, फोन करणं, नकाशा लावणं हे शेजारच्याचं काम. माझ्या ओळखीत ड्युटीवर जखमी झालेले जे जे आहेत, त्यातले बरेच रस्त्यावरच पडले आहेत.

5. लाइव्ह लोकेशन: एकाला द्या, ग्रुपला नको

व्हॉट्सॲपवर 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असे तीन पर्याय मिळतात. वॉरंटच्या फेरीला 8 तासांचा लावा, परत आल्यावर स्वतः बंद करा. गुगल मॅप्सवरूनही लोकेशन देता येतं. त्यात एक गोष्ट मला फार आवडते: समोरच्याला तुमच्या फोनची बॅटरी किती राहिली तेही दिसतं. मॅडमचा मला अधूनमधून फोन येतो, ‘नऊ टक्क्यांवर आलात, पॉवर बँक लावा.’ अपघाताच्या दिवशी असं कोणी म्हणालं असतं तर दोन तास फरशीवर पडून राहिलो नसतो.

ठाण्याच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं नाही. त्या ग्रुपवर कोण कोण आहे हे एकदा खाली सरकवून बघा. बदली होऊन गेलेले, निवृत्त झालेले, शिवाय कुणाचा तरी जुना नंबर आता भलत्याच माणसाकडे. शांतता समितीच्या आणि पत्रकारांच्या ग्रुपबद्दल तर बोलायलाच नको. छाप्याला निघालेल्या पथकाचा ठिपका तिथे दिसला तर छापा राहिला बाजूला, तुमच्या जिवाला घोर.

आणखी एक घोळ बॅटरीचा. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारी ॲप आपोआप बंद करतात. मग तुमचा ठिपका तासाभरापूर्वीच्या जागी तसाच उभा. बघणाऱ्याला वाटतं, साहेब चहाला थांबलेत. सेटिंग्जमध्ये जाऊन व्हॉट्सॲप आणि मॅप्ससाठी बॅटरीचं बंधन काढा आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ करा. बघणाऱ्यालाही सांगून ठेवा: ठिपका कुठे आहे यापेक्षा ‘किती वेळापूर्वी अपडेट’ हे आधी वाचायचं.

6. रेंज नसलेल्या गावासाठी

घाटात, खोऱ्यात, धरणाच्या मागच्या अंगाला रेंज नसते. पण जीपीएस चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही. आपल्या पूर्ण हद्दीचा आणि शेजारच्या हद्दीच्या काठाचा नकाशा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. ठाण्याच्या वायफायवर एकदाच करायचं, मग महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट.

त्या नकाशावर आपण उभे आहोत त्या जागी बोट दाबून धरलं की खूण उमटते आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात. हे आकडे वायरलेसवर वाचून दाखवायची सवय लावा. दशांशचिन्हापुढचे चार आकडे सांगितले की साधारण 11 मीटरच्या आत जागा सापडते. ‘पिंपळापासून डावीकडे’ सांगत बसण्यापेक्षा हे बरं, कारण पिंपळ गावोगावी असतात. आकडे सुटे सुटे वाचा: ‘अठरा दशांश पाच दोन शून्य चार’. पलीकडून उलट वाचून घेतल्याशिवाय सेट खाली ठेवू नका.

7. वीज आणि ऊन

गुन्हेगारापेक्षा आभाळाने जास्त छळलंय आपल्याला. बंदोबस्ताच्या पॉइंटवरून हलता येत नाही, हीच अडचण. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपास 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सूचना देतं. एप्रिल ते जून, विशेषतः मराठवाड्यात आणि विदर्भात, हे ॲप नसलेला अंमलदार मी उघड्यावर पाठवणार नाही. सूचना आली की झाडाखालून, लोखंडी बॅरिकेडजवळून आणि विजेच्या खांबापासून दूर व्हा आणि गाडीत बसा. साहेबांना वायरलेसवर कळवा. ‘पॉइंट सोडला’ म्हणून कोणी काही बोललं तर फोनवरची सूचना दाखवता येते. माझा अनुभव असा, की ती दाखवायची वेळ फारशी येत नाही, मागायला मात्र संकोच वाटतो.

उन्हासाठी हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप. आदल्या रात्री तापमानाचा इशारा बघा आणि पाण्याची सोय स्वतः करा. खारघरला 16 एप्रिल 2023 च्या कार्यक्रमात उष्माघाताने लोक दगावले, ते आठवा. प्रेक्षक निदान उठून जाऊ शकतो, तुम्ही नाही. शेजारचा अंमलदार असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय, तर ॲप उघडत बसू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, 108 लावा.

फोनलाही ऊन लागतं. बॅरिकेडवर उन्हात ठेवलेला फोन थोड्याच वेळात ‘तापमान जास्त’ असं दाखवून स्क्रीन मंद करतो, नाहीतर सरळ बंद पडतो. खिशात किंवा पिशवीत ठेवा, पॉवर बँकसुद्धा.

8. रेकॉर्डिंग: अंगावर येणाऱ्यापासूनही आणि आरोपांपासूनही

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ ॲप आहे. त्याचं लॉगिन ठाण्यातूनच मिळतं, बाहेरून कुणी लिंक पाठवली तर ती उघडू नका. तपासी अंमलदारांबरोबर जाताना कॅमेरा कोण धरणार हे दाराबाहेरच ठरवा. दोघांनी फोन धरला तर पाठ राखायला कोणी उरत नाही. कॅमेरावाला एक, बाकीच्यांचे हात मोकळे.

रस्त्यावर कोणी हुज्जत घालू लागला तर ‘मी रेकॉर्ड करतोय’ हे शांतपणे सांगून रेकॉर्डिंग सुरू करा. निम्मी माणसं तिथेच आवाज खाली आणतात. उरलेल्यांपैकी एखाद्याने हात टाकलाच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 किंवा 121 खालच्या गुन्ह्यात तो व्हिडिओ कामाला येतो. फक्त मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. कापाकापी नको, वर संगीत नको, आणि व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेली प्रत हा मूळ पुरावा नाही, कारण पाठवताना फाइल दाबली जाते आणि तिची हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलते. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मूळ फाइलवर असतं. तुमचा फोनच मुद्देमालात जमा होऊ शकतो, म्हणून घरचे फोटो आणि बँकेची ॲप असलेला फोन रेकॉर्डिंगला न वापरता आला तर उत्तम. सगळ्यांना ते परवडत नाही, हेही मला माहीत आहे.

9. फोनच घात करतो ते प्रकार

जानेवारी 2018 मध्ये धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा ॲपचा जगाचा नकाशा चर्चेत आला. सैनिक तळाभोवती पळायचे, ॲप नोंद करायचं, आणि नकाशावर त्या तळांच्या वाटा उजळून दिसत होत्या. सकाळी पोलीस लाइनीतून पळायला निघता ना? मग तुमचं घर, वेळ आणि रस्ता तिघेही त्यात आहेत. नोंद खासगी करा, नाहीतर ॲप काढून टाका. गडचिरोलीवाल्यांना लेख बाजूला ठेवा म्हटलं ते याच कारणाने. तिथे लोकेशन चालू असलेला फोन संरक्षण देत नाही, ठावठिकाणा देतो.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल (उघडल्या की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या): ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाने येतात. पोलिसांना कोण फसवणार, असा भ्रम नको. आमच्याच एका सहकाऱ्याने ‘चलान’ उघडलं आणि पगार गेला. असं झालं तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लाजून दोन दिवस घालवले की पैसे परत मिळण्याची शक्यता मावळते.

फोन हरवला तर तक्रार नोंदवा, तिची प्रत आणि आयएमईआय घेऊन सीईआयआर पोर्टलवर किंवा ‘संचार साथी’ ॲपवरून तो ब्लॉक करा. रोज आपण लोकांना हेच सांगतो आणि स्वतःचा हरवला की चार दिवस चहाच्या टपरीवर चौकशी करतो.

10. डोक्यासाठीचा नंबर

थोडक्यात सांगतो, कारण ठाण्यात यावर कोणी बोलत नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अपघातातली लहान मुलं उचलून आलात आणि झोप लागत नाही, तर लावा. नंबर कुठल्याही नावाने सेव्ह करा. माझ्याकडे ‘गॅस एजन्सी’ या नावाने आहे.

11. चाचणी घ्या

सगळं लावून झालं की एकदा ठरवून, ड्युटी नसताना, चाचणी घ्या. एसओएसमधून 112 चा कॉल तात्पुरता बंद ठेवा, फक्त मेसेज जाऊ द्या. समोरच्याला वेळ सांगू नका. मेसेज किती मिनिटांत पोचला, लोकेशन बरोबर होतं का, त्याने किती वेळाने फोन केला, हे लिहा. झालं की 112 चा कॉल पुन्हा चालू करायला विसरू नका.

आमची पहिली चाचणी सपशेल फसली. मेसेज मिनिटभरात गेला, लोकेशन अचूक होतं, पण मॅडम नाइट करून झोपल्या होत्या आणि फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. चाळीस मिनिटं मी मैदानात एकटाच उभा. आता दोघांनीही एकमेकांचे नंबर तारांकित केलेत आणि तारांकित नंबरांचे कॉल-मेसेज ‘डू नॉट डिस्टर्ब’मधूनही वाजतील अशी सेटिंग केली आहे. शिवाय त्यांनी माझ्या नावाला वेगळी रिंगटोन लावली, वरातीच्या बँडची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकदा तो बँड वाजतो आणि त्यांच्या घरचे मला शिव्या घालतात.